आण्णा, तुम्ही पेनाला टोपण लावलंत तेव्हा

तीर्थस्वरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शिमग्याच्या आधी तुम्ही लेकीकडं राहायला गेलात. जाताना गल्लीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची वही माझ्या शिलाई मशीनवर ठेवलीत आणि "आता तुम्ही लिवायचं, वहिनी" एवढंच म्हणालात. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, मला धड वाकून नमस्कारही करता आला नाही. तो राहिलेला नमस्कार आज करते. उघडपणे करते, कारण तुम्ही जे केलंत ते गल्लीसमोर केलंत. मग आभार तरी दाराआड कशाला मानायचे?

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आण्णा एका सेवा सोसायटीत तीस वर्षं सचिव होते. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडं उतरणाऱ्या आमच्या गल्लीत राहायला आले. कुठल्या पक्षाचे नाहीत, कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. आम्हाला त्यांनी बैठक कशी घ्यायची आणि ती कशी लिहायची, हे शिकवलं.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे खटले. निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. पाच वर्षांहून जास्त काळ ८१ जागांचं सभागृह रिकामं होतं. पूर्वी रस्त्यावरचा दिवा गेला की नगरसेवकाच्या दारात उभं राहायची सवय. ते दारच बंद झालं. आणि या मधल्या काळात जुलै २०२१ चा महापूर आला. २०१९ च्या पुराची ओल अजून भिंतीतून गेली नव्हती.

त्या पुरानंतर तुम्ही दारोदार फिरून सांगितलंत, महिन्याच्या पहिल्या रविवारी बसायचं. बैठक पहिल्यांदा तालमीत झाली, रात्री नऊला. एकही बाई आली नाही. येणार कशी? तालमीची पायरी आमच्यातली कुणी कधी चढली नव्हती, आणि नऊला घरात ताटं वाढायची वेळ. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. पुढच्या महिन्यात जाजम देवळासमोरच्या पारावर अंथरलंत आणि वेळ केली दुपारी चार. सतरा बायका आल्या. एवढ्याशा बदलानं गल्लीतली अर्धी माणसं बैठकीत आली, हे मी अजून प्रत्येकीला सांगते.

माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. तिथं ग्रामसभा बघत वाढले. कितीही गोंधळ झाला तरी सरपंचाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. मी तुम्हाला विचारलं होतं, "आण्णा, शहराला ग्रामसभा का नाही?" तुम्ही हसला नाहीत. ७४ वी घटनादुरुस्ती सांगितलीत, जून १९९३ पासून लागू झालेली, आणि तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं त्यात लिहिलंय हेही सांगितलंत. कोल्हापूर तर २०११ च्या जनगणनेलाच साडेपाच लाखांच्या घरात. "कागदावर जागा आहे. पण लोकांनी बसायची सवय लावून घेतल्याशिवाय कागद काय करणार?" हे तुमचं बोलणं मी कटिंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते.

२०२२ चा श्रावण. कोरोनानंतरचा पहिला मोकळा गणपती, पोरांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. विषय निघाला वर्गणीचा, आणि ठरलं की बहुतेक पैसा साउंड सिस्टिमला घालायचा. मी कडेला बसले होते. उठले. हातापायाला घाम. म्हटलं, मागच्या वर्षी पाणी चढलं तेव्हा कोपऱ्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी छातीभर पाण्यातून काढलं. आपल्याकडं धड एक दोरखंड नव्हता. निम्मी वर्गणी दोर, लाइफ जॅकेट आणि मोठ्या बॅटऱ्यांना ठेवा. कुणी ओरडलं नाही, पण कुणी मान्यही केलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी. सर्वानुमते मंजूर, लिहा आण्णा."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

"एक जण नको म्हणतंय. सर्वानुमते कसं लिवू?"

पारावर एकदम शांतता झाली. कुणीतरी म्हणालं, एकीनं काय होतंय, ठराव तर होतोयच की. तुम्ही म्हणालात, "ठराव होऊ दे की. बहुमतानं मंजूर, असं लिवतो. पण विरोध झालाय, तो वहीत पाहिजे." मग टोपण काढलंत आणि माझं पूर्ण नाव विचारलंत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्या गल्लीत माझं पूर्ण नाव तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी कुणाची तरी सून होते, टेलरवाली वहिनी होते. तुम्ही लिहिलंत: ठराव बहुमताने मंजूर. विरोध: एक. खाली माझं नाव आणि दोन ओळींत माझं कारण, मी म्हटलं तसंच. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलंत, अध्यक्षांनी सही केली.

मी त्या दिवशी हरले होते. तरी घरी येताना मला हरल्यासारखं वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, वर्गणीचा विषय आला तेव्हा तुमच्या शिस्तीप्रमाणं आधी मागचा ठराव वाचला गेला. माझ्या त्या दोन ओळीही वाचल्या गेल्या. वर्षभर त्या वहीत नुसत्या थांबल्या होत्या. आणि ज्या अध्यक्षांनी "बघू पुढच्या वर्षी" म्हटलं होतं त्यांनीच हात वर केला: निम्मी वर्गणी पूरसाहित्याला. सूचक ते, अनुमोदक मी. त्यांचेही आभार मानते, कारण चारचौघांत मत बदलायला मोठं मन लागतं.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं पुन्हा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आपल्या वहीत ठरलेलं होतं: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की सामान माळ्यावर, आणि ४३ ची वाट न बघता अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी, लहान पोरं आधी बाहेर. कुठल्या घरात कोण, कुणाला कोण उचलणार, औषधांची पिशवी कुणाकडं, सगळी यादी तयार. कोपऱ्यावरच्या आजी यावेळी कोरड्या रस्त्यावरून रिक्षात बसून पाहुण्यांकडं गेल्या.

गटारीची गोष्टही लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाणी तुंबायचं आणि सगळे म्हणायचे, काम निकृष्ट, सगळे खातात. तुम्ही म्हणालात, बघितल्याशिवाय बोलायचं नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासनाच्या परिपत्रकानं स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बघायची सोय केली होती, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही मला आणि दोन कॉलेजच्या पोरांना घेऊन गेलात. अंदाजपत्रक बघितलं, मोजमाप पुस्तक बघितलं, आकडे उतरवून आणले. मग संध्याकाळी माझी शिलाईची दीड मीटरची टेप घेऊन आपण गटार मोजली. छप्पन्न वेळा टेप टाकली, पोरं खडूनं खुणा करत पुढं. चौऱ्याऐंशी मीटर. कागदावर होती तेवढीच.

झाकणं उचलल्यावर आत काय निघालं? निर्माल्याच्या पिशव्या, घरं दुरुस्त करताना टाकलेला राडारोडा, दुधाच्या पिशव्या, आणि माझ्या दुकानातल्या चिंध्याही. तुम्ही ते सगळं वहीत लिहायला लावलंत. "मोजमाप बरोबर आढळले" हे आधी, आणि आपला कचरा नंतर. चूक दिसली की लिहायची, तसं काम बरोबर दिसलं तर तेही लिहायचं, नाहीतर आपल्या तक्रारीवर उद्या कोण विश्वास ठेवील, असं तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून माझ्या दुकानात चिंध्यांचं वेगळं पोतं आहे.

आपल्या कोल्हापूरला आंदोलन शिकवावं लागत नाही. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यामागं सगळं शहर टोलविरोधात रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाला. त्या मोर्चांत तुम्हीही होता. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला इथं सुरू झालं, त्यामागंही कित्येक वर्षांचा लढा आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण मोर्चाला हजारो येतात आणि पारावरच्या बैठकीला कधीकधी नऊच जण असतात, आणि त्या नऊ जणांसाठीही तुम्ही तितक्याच मन लावून वही उघडायचात. पाऊस असला तर देवळाच्या ओवरीत. एकदा तर तिघंच होतो. तुम्ही लिहिलंत: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आणि तारीख घातलीत.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच आपला प्रभाग चार जणांचा झाला. एका माणसानं चार मतं द्यायची, हे म्हाताऱ्या बायकांना उमगत नव्हतं. तुम्ही पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड असे चार चौकोन काढून आठवडाभर पारावर बसलात. कुणाला द्या हे चुकूनही बोलला नाहीत. उमेदवारांना बैठकीचं आमंत्रण एकसारखं गेलं, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि प्रश्न वहीतले. काही आले, काही आले नाहीत. दोन्हीची नोंद आहे. निवडून आलेल्यांना आता त्याच पानावरून विचारायचं, हे ठरलंय.

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच बैठकीचं सांगून थांबते. माणसं कमी येतात म्हणून मीच विषय मांडला, की दोन महिन्यांतून एकदा बसूया. बहुतेकांना पटलं. तेवढ्यात मागून एक अकरावीतली पोरगी उठली. म्हणाली, "काकी, दोन महिन्यांनी बसलो तर मागचं काय ठरलेलं तेच आठवायचं नाही. मला मान्य नाही." मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. लिहिणारी मी, सूचक मी, आणि माझ्या हातात पेन. मी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिला मताचा अधिकार यायला अजून वर्ष आहे, तरी लिहिलं: विरोध: एक. खाली तिचं कारण, ती म्हणाली तसंच. वाचून दाखवलं.

ती उठून जवळ आली, वहीत वाकून बघितलं आणि म्हणाली, आडनावातली वेलांटी चुकली. मी खोडून दुरुस्त केली आणि तुम्ही शिकवलंत तशी बाजूला छोटी सही केली.

गुडघ्याची काळजी घ्या. वहीची चाळीस पानं उरली आहेत, नवी आणून ठेवली आहे.

तुमची,
गल्लीतली टेलर वहिनी