कांदळवनाच्या हिशेबात वटवाघळांनाही धरा

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातील खाड्यांच्या परिसरातील वटवाघळांची पाहणी आणि त्यांच्या वस्तीच्या जागांचे संरक्षण

महोदय,

महाराष्ट्राने 2020 साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. त्याआधी 2012 साली कांदळवनांसाठी वन विभागात स्वतंत्र कक्ष स्थापन झाला होता, आणि सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला या सगळ्याचे समाधान आहेच. मात्र कांदळवनाची चर्चा निघते तेव्हा कोळंबी, खेकडे, पक्षी, झालेच तर कोल्हा आणि पाणमांजर यांची नावे घेतली जातात. ज्या चिप्पीला आपण राज्य कांदळवृक्ष केले तिच्या फुलांवर रात्री येणाऱ्या वटवाघळांचे नाव सहसा कोणी घेत नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

चिप्पीचे फूल दिवसा फिरणाऱ्यांसाठी नसतेच. ते तिन्हीसांजेला उमलते, त्यात दाढीच्या ब्रशासारखा पांढऱ्या केसरांचा दाट पुंजका असतो, तळाशी भरपूर मधुरस साठतो आणि सकाळपर्यंत केसर गळूनही जातात. ओहोटीच्या वेळी पहाटे होडीतून चिप्पीखाली गेले, तर चिखलावर आणि श्वसनमुळांच्या टोकांवर हे पांढरे धागे पसरलेले दिसतात. अशा फुलाचे परागीभवन रात्री उडणाऱ्यांनीच करायचे असते, म्हणजे पतंगांनी आणि वटवाघळांनी. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांत राहणारी मधुरस पिणारी वटवाघळे चिप्पीच्या फुलांसाठी रात्री तीस किलोमीटरहून अधिक अंतर जाऊन येतात, हे तिथल्या संशोधकांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिले. डुरियन या तिथल्या मोलाच्या फळाचे परागीभवनही हीच वटवाघळे करतात. पण त्याचा बहर थोडेच दिवस असतो आणि एरवी त्यांना खाडीवरची चिप्पी पोसते. कांदळवन तुटले तर डोंगरातल्या बागायतदाराच्या उत्पन्नाला खोट बसते, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे त्या जातीऐवजी दुसऱ्या जाती असल्या, तरी व्यवहाराचे स्वरूप तेच आहे. मालवणजवळच्या देवबागसारख्या गावाचा विचार करावा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडीचे संथ पाणी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड. खाडीच्या काठाने तिवर आणि चिप्पी, त्यामागे खाजणातली, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या जमिनीतली, भातशेती, मग वाड्या, आणि पाठीमागे काजूच्या बागा असलेले जांभ्याचे सडे. दहा-बारा किलोमीटरच्या आत इतके बदल असले की वटवाघळांच्या जातीही बदलतात, कारण प्रत्येकीचे पंख आणि आवाज ठरावीक जागेसाठी घडलेले असतात. लांब, निमुळत्या पंखांची टॅफोझस प्रजातीतली वटवाघळे उघड्या पाण्यावर उंचावरून वेगाने किडे टिपतात. रुंद पंखांची नालनाकी वटवाघळे झाडांच्या गर्दीत घिरट्या घालू शकतात आणि पानांच्या हालचालीतूनही किड्याचा प्रतिध्वनी वेगळा ओळखतात. मायोटिस प्रजातीतली काही वटवाघळे मोठ्या पावलांनी थेट पाण्याच्या पृष्ठभागावरून किडे उचलतात; त्यांतल्या एकाचे वर्णन 1915 साली पुण्याच्या नमुन्यावरून झाले आणि ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला चक्क ‘पेशवा’ हे नाव दिले. पाणी संथ असले तरच हे शेवटचे शिकारी तिथे टिकतात, म्हणून खाडीत भराव पडला, प्रवाह बदलला किंवा काठावर रात्रभर प्रखर दिवे लागले की सर्वांत आधी तेच नाहीसे होण्याचा धोका असतो.

फळे खाणाऱ्यांची गोष्ट कोकणी माणसाला अधिक परिचयाची आहे. काजूच्या हंगामात वटवाघूळ बोंडू तोडते, दूरच्या एखाद्या आंब्यावर किंवा वडावर नेऊन त्याचा रस चोखते आणि बी खाली टाकते. सकाळी त्या झाडाखाली चोथा आणि काजूबिया पडलेल्या असतात आणि त्या वेचायला घरातली मुले व बायका जातात. उंडीच्या बियांचेही तसेच. समुद्रकाठच्या या झाडाची फळे वटवाघळे लांबवर नेतात, म्हणून उंडी कुणी न लावताही कुंपणाकडेला उगवते. वड, पिंपळ, जांभूळ, बकुळ यांचा प्रसारही बराचसा त्यांच्याच पोटातून किंवा तोंडातून होतो. बागायतदाराचे नुकसान होत नाही, असे मी म्हणणार नाही. चिकूच्या बागेत ते होते, आणि त्यावर उपाय म्हणून लावलेल्या सैल जाळ्यांत वटवाघळे अडकून तडफडून मरतात. मोठ्या भोकांच्या सैल जाळ्यांऐवजी बारीक विणीची ताणलेली जाळी वापरली तर फळही वाचते आणि प्राणीही अडकत नाही, एवढी साधी माहिती कृषी सहायकामार्फत पोहोचली तरी पुष्कळ फरक पडेल. खाजणातल्या भातावरचे तुडतुडे कोण खाते, हाही प्रश्न याच विषयातला आहे. थायलंडमधल्या अभ्यासांनी गुहेत राहणाऱ्या कीटकभक्षी वटवाघळांमुळे भातपिकाचे किती नुकसान टळते याचा पैशांत हिशेब मांडला आहे. तसा हिशेब कोकणातल्या कृषी विद्यापीठाला करता येण्यासारखा आहे.

महोदय, अडचण अशी आहे की वटवाघूळ चरते एका खात्याच्या हद्दीत आणि झोपते दुसऱ्या खात्याच्या हद्दीत. खाडीतली चिप्पी कांदळवन कक्षाकडे, तिच्यावर येणारे, अंधाऱ्या जागी राहणारे रूसेट जातीचे फळवाघूळ एखाद्या किल्ल्याच्या अंधाऱ्या कोठीत म्हणजे पुरातत्त्व खात्याकडे, मोठ्या फळवाघळांची वसाहत रस्त्याकडेच्या जुन्या वडावर म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि आखूड नाकाचे फळवाघूळ कुणाच्या तरी परसातल्या भेरली माडाच्या पानांत. कांदळवनाच्या एका फांदीलाही हात लावायला परवानगी लागते. पण वसाहत असलेला वड रुंदीकरणात एका दिवसात जमीनदोस्त होतो आणि किल्ल्याच्या साफसफाईत धूर करून वटवाघळे हुसकली जातात. तेव्हा कांदळवन कागदोपत्री सुरक्षित राहते आणि त्याच्या फुलांवर येणारे मात्र बेघर होतात. मोठे फळवाघूळ वर्षाला एकच पिल्लू देते. कोकणातली वसाहत एकदा मोडली की ती पुन्हा भरायला किती वर्षे लागतील, याचा अंदाज यावरून करावा.

वसाहतीची जागा किती निर्णायक असते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून 1913 साली रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाची नोंद झाली, आणि त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे जगाला ही जात या एकाच गुहेतून ठाऊक होती. त्या काळात कोणी तिथे खाणीचा सुरुंग लावला असता, तर काय गमावले हेही कळले नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यात ही जात पहिल्या अनुसूचीत होती. फळे खाणारी बहुतेक सगळी वटवाघळे मात्र कैक वर्षे उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवलेली होती. 2022 च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच गेली. कायदा बदलला, गावात फटाके लावून वसाहत उठवणाऱ्यांपर्यंत आणि दम्यावर किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून वाघूळ मारणाऱ्यांपर्यंत तो बदल पोहोचवण्याचे काम राहिले आहे.

रोगांच्या भीतीचा उल्लेख टाळून चालणार नाही. केरळात 2018 साली वटवाघळांकडून माणसांत येणाऱ्या निपाह विषाणूचा उद्रेक झाला, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने 2021 मध्ये जाहीर केले. ही गोष्ट गंभीर आहे आणि म्हणूनच वसाहतींवर शास्त्रीय नजर हवी. उष्टे फळ खाऊ नये, वसाहतीखाली गुरे बांधू नयेत, विष्ठा साफ करताना तोंड झाकावे, हे सांगणे आरोग्य खात्याचे काम आहे. पण झाड तोडून वटवाघळे पांगवणे हा त्यावरचा उपाय नाही. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूच्या अभ्यासात असे दिसले की अधिवास आणि अन्न तुटलेली वटवाघळे वस्तीजवळ येतात आणि विषाणूही अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. म्हणजे घाबरून केलेली तोड धोका वाढवते.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे काम आता खाडीमागून खाडी ओलांडत जाणार आहे. त्यामुळे माझी पहिली आणि सर्वांत निकडीची विनंती या मार्गाबद्दल आहे : तोडायच्या प्रत्येक मोठ्या झाडावर आणि मार्गालगतच्या प्रत्येक गुहेत, भुयारात व पडक्या इमारतीत वसाहत आहे का, हे आधी पाहावे, आणि असल्यास मार्ग किंवा निदान कामाची वेळ बदलावी. फेब्रुवारी ते मेच्या सुमारास मोठ्या फळवाघळांच्या माद्या पिल्ले अंगाशी घेऊन फिरतात. त्या महिन्यांत तोड नकोच. खाडीपुलांवरचे दिवे फक्त रस्त्यावर पडतील असे झाकलेले असावेत, पाण्यावर नव्हे.

दुसरी विनंती पाहणीची आहे. माणसाला वीस किलोहर्ट्‌झच्या वरचे ऐकू येत नाही आणि बहुतेक कीटकभक्षी वटवाघळे त्याच्या वरच बोलतात, म्हणून त्यांची गणती ध्वनिमुद्रक यंत्रांनी करावी लागते. ही यंत्रे आता आवाक्यातली आहेत. मोठे फळवाघूळ मात्र प्रतिध्वनीवर चालतच नाही. त्याच्यासाठी वसाहतीखाली उभे राहून संध्याकाळी बाहेर पडणारी डोकी मोजावी लागतात, आणि ते काम स्थानिक माणूस उत्तम करतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांना आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना थोडे प्रशिक्षण व मानधन दिले, तर वर्षभराच्या नोंदी सहज उभ्या राहतील आणि त्या लोक जैवविविधता नोंदवहीत जाव्यात.

शेवटची विनंती वारसास्थळांबद्दल. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानातल्या एका छोट्या माशासाठी आणि दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळेच्या रानजायफळाच्या राईसाठी शासनाने जैवविविधता वारसास्थळे घोषित केली आहेत. त्याच जैवविविधता कायद्याखाली, गावाची संमती घेऊन, खाडीपरिसरातली एक तरी वटवाघळांची वसाहत घोषित करावी. अनेक गावांत देवळाच्या राईतल्या वाघळांना आजही कोणी धक्का लावत नाही, त्यामुळे अशी गावे शोधायला आपल्या खात्याला फार लांब जावे लागणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान महामार्गाच्या आखणीवरच्या झाडांची पाहणी सुरू करण्याचा आदेश निघावा, ही अपेक्षा.

कळावे,

आपला विश्वासू,
मालवण तालुक्यातील एक रहिवासी