आधी तोंड उघडून पाहा

महोदय,

कालच्या अंकात एचआयव्हीबाधित मुलांच्या तीव्र कुपोषणावरचा लेख वाचला. गरिबी आणि ‘पालकांचे अज्ञान’ एवढ्यावर लेखकांनी विषय संपवला आहे. गरिबी मी नाकारत नाही. अज्ञान हा शब्द मात्र जिव्हारी लागला.

माझ्या बहिणीच्या मागे तिची मुलगी मी वाढवली. अडीच वर्षांची असताना तिच्या दंडाचा घेर ११ सेंटीमीटर भरला. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. दवाखान्यात दर खेपेला वजन करायचे, कार्डावर मांडायचे आणि मला ऐकवायचे, “बाई, तुम्ही भरवत नाही.” पोर घास गालात धरून बसायची, गिळताना डोळ्यांत पाणी यायचे. चौथ्या खेपेला एका नव्या नर्सताईंनी तिचे तोंड उघडून बॅटरी मारली. जिभेपासून घशापर्यंत बुरशीचा पांढरा थर! त्यानंतर कुठे तिचे रक्त तपासले आणि एचआयव्ही निघाला. बहिणीचा एचआयव्ही त्याच दवाखान्याच्या कागदांवर होता. बाळाला हा विषाणू आहे का, याची तपासणी सहाव्या आठवड्यात करता येते, पण ती कुणी केलीच नव्हती. बुरशीचे औषध लागू पडले आणि काही दिवसांत पोरीने स्वतःहून वाटी पुढे केली.

लेखात या बुरशीबद्दल अक्षर नाही. लांबलेल्या जुलाबांबद्दल नाही, क्षयाबद्दल नाही. एचआयव्ही असलेल्या मुलाला वरवर काही त्रास नसला तरी १० टक्के जास्त ऊर्जा लागते. वजन घटू लागले की ५० ते १०० टक्के जास्त. गिळवत नाही आणि गरज मात्र दीडपट ते दुप्पट, तिथे आईने काय करायचे? आणि आईच आजारी असेल तर? माझी बहीण शेवटचे काही महिने अंथरुणावर पडल्या पडल्या लेकीला भरवायची. तिला अज्ञानी म्हणू नका.

आणखी एक. लेखासोबत हाडे निघालेल्या मुलाचा फोटो चेहऱ्यासकट छापलात. ते मूल उद्या शाळेत जाईल. आमची आता सातवीत आहे, रोज गोळ्या घेते, वर्गात कुणाला ठाऊक नाही. हे आम्ही किती जपतो ते आमचे आम्हाला माहीत. कृपया असे चेहरे छापू नका. माझेही नाव छापू नये.

– एक मावशी