सत्कारापेक्षा निरीक्षक हवेत
मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी विमान किंवा हेलिकॉप्टर बनवणाऱ्या तरुणाची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. छायाचित्र छापले जाते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि पुढे त्या यंत्राचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून डोक्याला लागल्याने एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला, तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे वेल्डिंग शिकवले आहे. वरून चकचकीत दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो आणि ज्याने तो केला त्यालाच ते बहुधा दिसत नाही, म्हणून त्या वेळी मला पहिला प्रश्न पडला तो असा, की अशा हौशी माणसाने आपले काम दाखवायचे तरी कोणाला?

अमेरिकेत या प्रश्नाला उत्तर आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकी येथे हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली आणि आज ऑशकॉश येथील तिच्या वार्षिक मेळाव्यात हजारो विमाने उतरतात. तेथील नियमानुसार विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेले असावे लागते; त्याचा पुरावा म्हणून तो कामाची नोंदवही आणि छायाचित्रे ठेवतो. सरकारी तपासणीनंतर साधारणपणे पहिले 25 किंवा 40 तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच चाचणी-उड्डाणे करावी लागतात, तीही हौसेखातर कोणा प्रवाशाला सोबत न घेता. मला याहून मोलाची वाटते ती संघटनेच्या स्वयंसेवी सल्लागारांची पद्धत. असा अनुभवी माणूस बांधणी चालू असतानाच गॅरेजमध्ये येऊन काम पाहतो, म्हणजे पंखावर पत्रा चढून आतले सारे झाकले जाण्यापूर्वीच चूक सापडू शकते.

एवढे करूनही अपघात टळतातच असे नाही. गायक जॉन डेन्व्हर यांचा 1997 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मृत्यू झाला, तो अशाच हौशी बांधणीच्या, त्यांनी दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या विमानात. एका टाकीऐवजी दुसऱ्या टाकीतून इंधन घेण्यासाठी फिरवायची कळ मूळ आराखड्याप्रमाणे वैमानिकाच्या पायांमध्ये असायला हवी होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायची तर आसनात वळावे लागे. नियम कितीही असले, तरी प्रत्येक कळीपाशी थांबून ‘हे इथे का?’ असे विचारणारा माणूस लागतोच.

आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, त्याची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये मिळाली. व्यवसायाने वैमानिक असलेल्या, कायदा आणि यंत्र दोन्ही जाणणाऱ्या माणसाला एवढी वर्षे लागत असतील, तर तालुक्याच्या गावी वर्कशॉप चालवणारा मुलगा परवानगीच्या वाटेला जाणारच नाही. तो भल्या पहाटे किंवा रात्री, कोणाला न सांगता, इंजिन सुरू करून पाहील. (चौपाटीवर 1895 मध्ये तळपद्यांनी विमान उडवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. तिला भरवशाचा पुरावा नाही. पण डोळ्यांसमोर बांधल्या जाणाऱ्या यंत्राबाबत तेवढे कुतूहल आपण दाखवत नाही, याचे वाईट वाटते.)

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हौशी बांधणीसाठी टप्प्याटप्प्याच्या तपासणीची सोपी वाट आखावी आणि पहिले दोन टप्पे, म्हणजे आराखडा आणि सांगाडा, जिल्ह्याजवळच तपासून मिळावेत, अशी माझी विनंती आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये उभी हयात लढाऊ विमानांच्या बांधणीत घालवून निवृत्त झालेले कारागीर आणि अभियंते नाशिक परिसरात आहेत. महासंचालनालयाने त्यांच्यातील इच्छुकांना प्रवासखर्च आणि अधिकारपत्र देऊन ही तपासणी सोपवावी, आणि काम सदोष आढळल्यास इंजिन सुरू करण्यास मनाई करण्याचा अधिकारही त्यांना द्यावा.

आपला,
एक निवृत्त निदेशक, धुळे