राहिलेला जोक

प्रिय बेंचपार्टनर,

हे तुला पर्सनल मेसेज करून सांगितलं असतं तर तू फक्त एक अंगठा टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. थँक यू. कशाबद्दल ते आता सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

तुला माहितीये मी 'अ सायलेंट व्हॉइस'चा किती डाय हार्ड फॅन आहे. २०१६ चा जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून पिक्चर, नाओको यामादाने डिरेक्ट केलेला, मूळ मांगा (जपानी कॉमिक) योशितोकी ओइमाची, सात खंडांची, मी दोनदा वाचलीये. प्रोफाईलला त्यातल्या हिरोचा, इशिदाचा फोटो. शाळेत त्याने ऐकू न येणाऱ्या शोकोला छळलं, पाच महिन्यांत तिची कानाची आठ मशीन्स हरवली नाहीतर मोडली, आणि पुढे तोच मुलगा त्या मशीन्सपायी आपल्या आईने भरलेले १७ लाख येन काम करून जमवून तिला परत देतो, त्या सीनला मी प्रत्येक वेळी रडतो. लोकांच्या चेहऱ्यावर त्याला फुल्या दिसतात ना, त्या शेवटी गळून पडतात तेव्हा तर विचारूच नको. मला वाटायचं आपण फार सेन्सिटिव्ह माणूस आहोत!

आणि हाच सेन्सिटिव्ह माणूस तुझ्या शेजारी अख्खं वर्ष बसला. तुला ऐकू कमी येतं, म्हणून वर्गात सगळे हसले की तू मला कोपराने ढोसून विचारायचीस, काय झालं? आणि मी काय म्हणायचो? "काही नाही गं, सोड." नाहीतर "नंतर सांगतो." ते नंतर कधी आलंच नाही.

पिक्चर तुला मीच दाखवला, वर मनात असं की तुला तर हा भिडणारच. संपल्यावर तू म्हणालीस शोको मला आवडली नाही, सारखी सॉरी म्हणते. मी गारच पडलो. आणि तुझी फेवरेट कोण तर त्यांच्या वर्गातली उएनो! जी आकाशपाळण्यात बसून शोकोला तोंडावर सांगते की तू मला आवडत नाहीस आणि वर कानाखाली मारते, ती! मी भांडायला लागलो तर तू शांतपणे म्हणालीस, "निदान ती तिच्याशी भांडते तरी. बाकीचे सगळे गोड बोलतात आणि सोड म्हणतात. तू पण." त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो. पडद्यावरच्या मुलीसाठी पावशेर अश्रू आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला एक वाक्य रिपीट करायचा कंटाळा.

आभार त्याचे. तू मला बोललीस, आणि बोलून सोडून दिलं नाहीस, शिकवलंस. मशीन म्हणजे चष्मा नाही, लावलं की सगळं क्लिअर असं नसतं, पंख्याचा आवाजपण मोठा होतो. बोलताना तोंडावर हात नको, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून उभं राहायचं नाही, नाहीतर चेहरा काळा दिसतो. इशिदा लोकांच्या तोंडाकडे बघत नाही आणि तुझं सगळं तोंडाकडे बघण्यावर चालतं, हे मला दोनदा मांगा वाचून सुचलं नव्हतं. आणि हो, मी शान मारत पिक्चरमधली 'मैत्री'ची खूण करून दाखवली तेव्हा तू किती हसलीस, कारण ती जपानी खूण होती, साइन लँग्वेज सगळीकडे एकच नसते एवढंही मला माहीत नव्हतं.

अ‍ॅनिमे सबटायटल वाचत बघायचा की डब केलेला, यावर मी लोकांशी तासनतास भांडलोय, तुझ्यासाठी तो वादच नाही. तू म्हणालीस अ‍ॅनिमेत तोंडं नुसती उघडमीट करतात, त्यांचे ओठ कोणालाच वाचता येत नाहीत, म्हणून इथे आपण दोघं सारखेच, दोघंही खाली वाचतो. हे ऐकून मला लय भारी वाटलं आणि थोडी लाजपण वाटली. कारण सारखे नाहीच आहोत, सबटायटलमध्ये फक्त डायलॉग होते. दुसऱ्यांदा बघताना तू मध्येच विचारलंस आत्ता काय वाजतंय, माझ्या जिभेवर 'काही नाही' आलेलं, गिळलं. पॉज केलं. पिक्चरचा संगीतकार केनसुके उशिओने पियानोच्या आत माइक ठेवून रेकॉर्डिंग केलंय, त्यामुळे सुरांबरोबर आतल्या लाकडाची, पट्ट्यांची खुडबुडपण ऐकू येते, ते तुला कसं सांगू? शेवटी टेबलावर बोटांनी हळू टकटक केली आणि तू तळहात टेबलावर ठेवलास. पाच मिनिटांच्या सीनला आपल्याला अर्धा तास लागला, पण मीसुद्धा तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

आता उधारी. पहिल्या सेमिस्टरला एकदा अख्खा वर्ग पोट धरून हसत होता, तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा सोड म्हणालो, आठवतंय? सरांच्या एका पायात काळा बूट होता आणि दुसऱ्यात चॉकलेटी. एवढंच होतं.

तुझा,
बाकावरचा डावीकडचा