हप्ता नव्हे, मुद्दल बघ

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ‘कितीही भरलं तरी कर्ज जागचं हलत नाही, मनच उडालंय’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचल्यापासून चैन नाही. काकांच्या बायपाससाठी तू कर्ज काढलंस. ते ऋण काढून केलेला सण नव्हे. तेव्हा आधी मान वर कर.

पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी एवढं बघितलंय की, फेडलेलं डोळ्यांना दिसलं नाही की माणूस खचतो. जे दर तिमाहीला खातेउतारा मागून मुद्दल किती उतरलं ते बघतात, ते बहुधा शेवटपर्यंत टिकतात.

तुझं पाच लाखांचं पर्सनल लोन घे. १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण ११,६३४. पहिल्या हप्त्यातले ५,८३३ व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं जेमतेम ५,८०१. निम्मे पैसे पाण्यात गेले असं वाटणारच. पण व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, त्यामुळे हप्ता तोच असला तरी मुद्दलाचा वाटा दर महिन्याला वाढतो. चौथ्या वर्षाच्या पहिल्या हप्त्यात तो ८,८०० च्या वर असेल. हे कर्ज हलतंय रे, तुला कोणी दाखवलं नाही इतकंच.

क्रेडिट कार्डाचं मात्र तू म्हणतोस ते खरं आहे. एक लाख बाकीवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ३,५०० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६३०. तू पाच हजार भरतोस, त्यातले बाकीतून कमी होतात फक्त ८७०. ओव्हरटाइम करून ८७० रुपये! मन उडेल नाहीतर काय होईल? कार्ड वापरणं आजपासून बंद कर, आणि जो जास्तीचा रुपया सुटेल तो तिथेच घाल. पाचाऐवजी आठ हजार भरलेस तर ३,८७० उतरतात.

ऑफिसातल्या मित्राचे हातउसने वीस हजार मात्र सगळ्यांच्या आधी दे. हिशेबाने कार्ड आधी यायला हवं, मला कळतं. पण रोज कॅन्टीनमध्ये त्याची नजर चुकवणं तुला आतून पोखरतंय, आणि एक देणं पूर्ण मिटलं की दुसऱ्याला हात घालायचं बळ येतं.

वहिनींना सगळे आकडे सांगितलेस का? सांग. वसुलीवाल्यांचे रात्री नऊला फोन येतात म्हणून त्या घाबरल्यात ना? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीवाल्यांना फोन करता येत नाही. वेळ लिहून ठेव, बँकेकडे लेखी तक्रार कर.

आणि गणपती दरवर्षीसारखाच बसव. आरास साधी कर, पण पोरांचे मोदक बंद करू नकोस. सगळंच तोडलं की माणूस चार महिन्यांत वैतागतो आणि पुन्हा कार्ड बाहेर काढतो.

रविवारी घरी ये. खातेउतारा आणि कार्डाची शेवटची तीन बिलं बरोबर आण, दोघं मिळून हिशेबाची वही घालू. काकांना पथ्य सांभाळायला सांग, काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र