लांब पल्ल्याची कॅनू शर्यत: दंडाचं कौतुक पुरे, थांबण्याचा हिशोब करा

संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

तुमच्या क्रीडा पुरवणीत लांब पल्ल्याच्या कॅनू (एका टोकाला पातं असलेल्या वल्ह्याने हाकायची लांबट, हलकी होडी) शर्यतीची तयारी कशी करावी यावर लेख आला होता तो वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी आभार. पण लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दंड, खांदे, पुल-अप्स आणि जिमचं वेळापत्रक एवढंच आहे, वाचणाऱ्याला वाटेल ज्याचे दंड भरलेले त्याने नाव नोंदवावं आणि बाकीच्यांनी काठावर टाळ्या वाजवाव्यात. मी स्वतः वल्हवतो, दुसऱ्यांच्या सपोर्ट क्रूमध्येही (काठाकाठाने गाडीतून जाऊन खाणं-पाणी पुरवणारी मंडळी) रात्री काढल्यात, आणि माझं म्हणणं सरळ आहे की नवख्या माणसाची शर्यत वल्हवताना जात नाही, बोट थांबलेली असते तेव्हा जाते. तयारी करायची तर त्याची करा.

अमेरिकेतल्या टेक्सास वॉटर सफारीचंच घ्या. १९६३ पासून चालू असलेली शर्यत, सॅन मार्कोसहून निघायचं आणि सीड्रिफ्टला समुद्राशी पोचायचं, २६० मैल आणि मुदत १०० तास. आता भागाकार करा. तासाला अडीच मैलांच्या जरा वर, म्हणजे सव्वाचार किलोमीटरसुद्धा नाही. चांगला चालणारा माणूस याहून भरभर चालतो! तरी दरवर्षी बऱ्याच टीम मध्येच बाहेर पडतात, त्या काय वेग कमी पडला म्हणून? नाही. पोट बिघडतं, पायाची कातडी सोलवटते, अडकलेल्या ओंडक्यांवरून बोट ओढून ओढून जीव जातो, झोप अनावर होते, कोणीतरी काठावर बसतं आणि मग उठतच नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं, डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर, १९४८ पासून ईस्टरच्या सुट्टीत होते (तिथे बहुतेक जण खरं तर कायाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याची होडी घेऊन उतरतात, पण तयारीत फारसा फरक नाही). १२५ मैल, आणि वाटेत ७७ पोर्टेज, म्हणजे लॉक (पाण्याची पातळी बदलणारे कालव्यातले दरवाजे) आलं की बोट पाण्याबाहेर काढायची, उचलून पळायचं, पलीकडे परत पाण्यात सोडायची. एका पोर्टेजला चार मिनिटं धरली तर ३०८ मिनिटं होतात, पाच तासांच्या वर, आणि या वेळात तुम्ही एकदाही वल्हं मारलेलं नाही. तेच काम तीन मिनिटांत उरकायला शिकलात तर सव्वा तास फुकट मिळाला. हाच सव्वा तास वल्हवून मिळवायचा तर वीसेक तासांच्या वल्हवण्यात वेग सहा-सात टक्क्यांनी वाढवावा लागेल, आणि पाण्याचा विरोध असा आहे की वेग थोडा वाढवायचा तरी ताकद त्याच्या कितीतरी पट जास्त लागते, सहा-सात टक्के वेगासाठी वीस टक्क्यांच्या आसपास जास्तीची ताकद. वीस टक्के ताकद कुठल्या जिममध्ये मिळते ते लेखकांनी सांगावं, मी पण जाईन. उलट पोर्टेजचा एक मिनिट कोणालाही वाचवता येतो. आधी कोण उतरणार, बोटीचं कुठलं टोक कोणी धरायचं, कुठल्या खांद्यावर घ्यायची, वल्ही कुठे सरकवायची, हे ठरवून त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा करायचं, आणि तेही भरलेल्या बोटीसकट, ओल्या बुटांत, अंधारात. रिकामी बोट घेऊन उन्हात केलेल्या सरावाचा रात्री दोन वाजता काही उपयोग होत नाही, कारण तेव्हा बोटीत पाणी साठलेलं असतं, पाय बधिर असतात आणि काठ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. आणि हो, पळायची सवय हवी. वल्हवणारे लोक पळत नाहीत ही जुनी खोड आहे. मिशिगनची ऑ सेबल मॅरेथॉन तर सुरूच पळण्याने होते, रात्री नऊला ग्रेलिंगच्या रस्त्यावरून कॅनू डोक्यावर घेऊन नदीपर्यंत धाव, मग रात्रभर वल्हवायचं, वाटेत सहा धरणं आणि प्रत्येक धरणाला परत उतरून बोट उचलायची.

आता खाणं. लेखात यावर एकच ओळ होती, "पौष्टिक आहार घ्यावा". अहो, शर्यतीत दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, सवय असेल तर याहून जास्त, आणि ते बसल्या जागी कंबर सतत पिळत असताना आणि हात रिकामे नसताना. पोटालाही शिकवावं लागतं. लांब सरावाच्या दिवशी तेच खायचं आणि त्याच अंतराने खायचं जे शर्यतीत खाणार आहात, भूक लागायची वाट बघायची नाही. बाराव्या तासाला गोडाचा वास आला तरी मळमळतं, तेव्हा खारट काहीतरी हाताशी पाहिजे. पाणीही नुसतं ढोसत राहिलात आणि मीठ गेलं नाही तर रक्तातलं सोडियम खाली येतं, ते धोक्याचं आहे. पिण्याची नळी खांद्याजवळ अशी बांधायची की वल्हं न सोडता तोंडात येईल, कारण वल्हं सोडलं की बोट डुलते आणि दोघांची लय तुटते.

दंडाबद्दल मात्र बोलायलाच हवं कारण लेखाचं मूळ तिथेच चुकलंय. नीट वल्हवणारा माणूस दंडाने ओढत नाही, कमरेपासून धड वळवतो, पायाने बोटीला रेटा देतो, हात हे फक्त जोडणीचं काम करतात, दोरी जशी बैल आणि नांगर जोडते तसे. मिनिटाला ६० फटके धरले तरी तासाला ३६०० होतात, वीस तासांत ७२ हजार, एवढे फटके कुठला दंड मारू शकतो सांगा. त्यात वल्हं घट्ट आवळून धरलं की मनगटाच्या वरचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) सुजतो, हाताने दाबला तर आतून करकर जाणवते, आणि एकदा ते झालं की त्या शर्यतीपुरतं संपलं. पकड सैल हवी. ही गोष्ट मी जिममध्ये कोणाला शिकवताना पाहिलेली नाही.

दोघांची बोट असेल तर जोडीदार कोण हा प्रश्न बोट कुठली यापेक्षा मोठा आहे. वाकड्या दांड्याचं वल्हं वापरणारे थोड्या थोड्या फटक्यांनी बाजू बदलतात, एक जण "हट" म्हणतो आणि दोघं एकदम वल्हं दुसऱ्या बाजूला घेतात, हे जमायला फार दिवस लागत नाहीत. पण पहाटे चारला, झोप डोळ्यांवर असताना, एकाला झाडांच्या जागी माणसं दिसायला लागलेली असताना (हे खरंच होतं, चेष्टा नाही) दुसऱ्याने न चिडता "खाऊन घे" म्हणणं, त्याला वेळ लागतो. म्हणून शर्यतीआधी एक तरी पूर्ण रात्र एकत्र वल्हवल्याशिवाय फी भरू नये असं माझं मत. भांडण व्हायचं असेल तर ते तिथे होऊन जाऊ दे.

नाव नोंदवायचं म्हणाल तर आधी नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा. कट-ऑफच्या वेळा (तोवर त्या टप्प्याला पोचला नाहीत तर बाद), सक्तीच्या सामानाची यादी, क्रूने कुठे भेटायचं आणि काय द्यायचं नाही, सगळं त्यात असतं आणि प्रत्येक शर्यतीचं वेगळं असतं. कॅनडातली युकॉन रिव्हर क्वेस्ट ७१५ किलोमीटरची, व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, जूनच्या अखेरीस होते त्यामुळे रात्र नीट काळोखी होतच नाही, पण सुरुवातीलाच लबार्ज नावाचं पन्नासेक किलोमीटर लांबीचं तळं लागतं, प्रवाह नाही, पाणी थंडगार आणि वारा सुटला की लाटा. तिथे काठ धरून राहायचं, सरळ रेषेत मधून कापायचा मोह टाळायचा, आणि कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशवीत बोटीला बांधलेले पाहिजेत. म्हणजे उलटलेली बोट सरळ करून परत चढायचा सराव पोहण्याच्या तलावात नाही, थंड पाण्यात, पूर्ण कपड्यांत आणि लाइफ जॅकेट घालून झालेला हवा. डिव्हायझेसच्या शर्यतीत जे न थांबता पूर्ण अंतर जातात त्यांची अडचण उलटीच. शेवटचे १७ मैल थेम्सचा भरती-ओहोटीचा भाग आहे, तो जिथे सुरू होतो त्या टेडिंग्टनला ओहोटीच्या वेळेतच पोचावं लागतं, लवकर पोचलात तर थांबा, उशीर झाला तर ओहोटी हुकली. म्हणून तिथे लोक सुटायची वेळ शेवटाकडून मोजत मागे येऊन ठरवतात, आणि ती बरोबर ठरवायला आपला खरा वेग माहीत पाहिजे, मनातला नाही, पोर्टेज आणि खाण्यासकट मोजलेला.

राहिला सपोर्ट क्रू. लेखात त्यांचा उल्लेखच नाही. ही माणसं वल्हवणाऱ्याइतकीच जागतात, वर गाडी चालवतात, म्हणून क्रूमध्ये आळीपाळीने झोपता येईल एवढे ड्रायव्हर हवेत, एकट्या भावाला नाहीतर मित्राला रात्रभर पळवू नका, झोपेत गाडीचा अपघात व्हायचा. बाटल्या कधी बदलायच्या, कुठल्या ठिकाणी कोरडे मोजे द्यायचे हे कागदावर लिहून द्या. आणि त्यांना एकच सक्त सूचना द्या, "कसं वाटतंय?" असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस विचार करायला लागतो आणि त्या वेळी कोणालाच बरं वाटत नसतं. खायला हातात द्यायचं, पुढचा टप्पा किती किलोमीटर ते सांगायचं आणि बोट ढकलून द्यायची.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलंय. तर विनंती अशी की त्यात जिमचं दुसरं वेळापत्रक देण्याऐवजी पोर्टेज, रात्रीचा सराव आणि क्रू यांना जागा द्या. फोटोही वल्हं उंचावून हसणाऱ्याचा नको, बोट खांद्यावर घेऊन चिखलातून पळणाऱ्या जोडीचा टाका, आणि खाली वल्हवणाऱ्यांच्या बरोबरीने क्रूची नावंपण छापा.

आपला,
एक वल्हवणारा वाचक