माळाची धूळही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे. शहरातले पीएम 10 चे (10 मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांचे) आकडे छापून येतात, पण त्यातली किती धूळ शहराने उडवली आणि किती माळावरून वाहत आली, हे शहरात मोजून कळत नाही. त्यासाठी सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर, माळढोक अभयारण्याच्या परिसरात, हवा मोजणारे एक कायमचे केंद्र हवे.

फिनलंडमधील ह्युतिआला येथे 1962 साली लावलेल्या पाइनच्या जंगलात हेलसिंकी विद्यापीठाचे असे केंद्र 1995 पासून आहे. सूक्ष्म कणांची मोजणी जानेवारी 1996 पासून सुरू आहे. तिथली अडचण आपल्या उलट: धूळच कमी. धूळ तोलण्यासाठी फिल्टरमधून मिनिटाला 30 लिटर हवा ओढली तर दिवसाला 43 घनमीटर होते. घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम धूळ धरली तर फिल्टरवर जेमतेम 215 मायक्रोग्रॅम जमतात. नुसते बोट लागले तरी हिशेब बिघडतो. म्हणून एक नमुना दोन-तीन दिवस चालवतात. झाडांच्या वाफांपासून तयार होणारे नवे कण तर वजनात दिसतच नाहीत. तीन नॅनोमीटरचे एक अब्ज कण मिळून तीन मायक्रोमीटरच्या एका कणाइतके भरतात! ते मोजावेच लागतात, तोलून चालत नाही.

नान्नजला धूळ जास्त, हीच पंचाईत. यंत्रात फिल्टरच्या आधी मोठे कण अडवणारी प्लेट असते, तिच्यावर ग्रीस किंवा तेल असते. उन्हाळ्यात त्यावर मातीचा थर बसला की पुढचे कण चिकटत नाहीत, उसळून आत जातात आणि पीएम 2.5 (2.5 मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) उगाच वाढलेले दिसते. प्लेट चार-पाच नमुन्यांनंतर साफ करावी, वावटळीनंतर लगेच. भरलेला फिल्टर मे महिन्यात दुपारभर पेटीत तापला तर धुळीतला अमोनियम नायट्रेट हा क्षार उडून जातो आणि वजन घटते. तो सकाळीच काढून बर्फाच्या डब्यातून न्यावा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ठरावीक तापमान व आर्द्रतेच्या खोलीत 24 तास ठेवूनच तोलावा. सोबत एक कोरा फिल्टर नेऊन तसाच परत आणावा. त्याचे वजन बदलले तर चूक हाताळणीत आहे.

वीज गेली की पंप थांबतो. अशा दिवशी 24 तासांची हवा धरून धुळीच्या वजनाला तिने भागले तर आकडा फसवा कमी येतो. यंत्र किती तास चालले ते मीटरवरून लिहावे. जनरेटर जवळ नको, त्याचाच धूर मोजला जाईल. गाडीवाट आणि ज्वारीची खळीही लांब असावीत.

यंत्र बदलायचे झाल्यास जुने-नवे शेजारी-शेजारी किमान वर्षभर चालवावे. निविदा काढताना हे कलम हमखास गळते, आणि मग दहा वर्षांचे आकडे एका रेषेत बसत नाहीत.

केंद्राची वीज मात्र जमिनीखालच्या केबलने न्यावी. उघड्या तारांना माळढोक धडकतो.

– हवामापनाचे काम करणारे तंत्रज्ञ, सोलापूर